‘तुम्हाला भाऊ आहे का?’ : क्लिअरन्सची चौकशी, फोनवरची आणि समोरासमोरची

जानेवारी २०२४ मध्ये नोकरीची ऑफर आली. पत्राच्या तळाशी एक ओळ होती : ही नेमणूक सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय सरकारी माहिती हाताळायची परवानगी, मिळण्याच्या अटीवर आहे. काम कुठल्या खात्याचं, काय स्वरूपाचं, हे इथे लिहिणार नाही. पण चौकशी कशी होते यात लपवण्यासारखं काहीच नाही, तरीही मेरीलँडमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. ‘होईल गं, वेळ लागतो,’ एवढंच. मला त्यापेक्षा थोडं जास्त कुणी सांगितलं असतं तर मे-जूनमधल्या बऱ्याच रात्री सुखाने झोपले असते. म्हणून हा प्रपंच.

सुरुवात फॉर्मपासून. त्याचं नाव एसएफ-८६. आता तो ई-ॲप नावाच्या ऑनलाइन प्रणालीत भरतात. छापला तर शंभरावर पानं होतात. गेल्या १० वर्षांत कुठे कुठे राहिलात, कुठे नोकरी केलीत, मधे रिकामे होतात तर तेव्हा काय करत होतात, सगळं महिन्यानिशी. गेल्या ३ वर्षांतल्या प्रत्येक पत्त्यासाठी तिथे तुम्हाला ओळखणारा माणूस. शिवाय तुम्हाला चांगलं ओळखणारी ३ माणसं वेगळी. मी २०१८ मध्ये अमेरिकन नागरिक झाले, त्यामुळे आधीचे भारतीय पासपोर्ट, ते कधी मिळाले, कधी संपले, शेवटचा कधी परत केला हेही आलंच. पासपोर्ट जमा केल्याचं सरेंडर सर्टिफिकेट जपून ठेवलं होतं, ते इथे कामाला आलं. पासपोर्टांवरच्या शिक्क्यांवरूनच ७ वर्षांतल्या भारतवाऱ्यांच्या तारखा जुळवल्या. नक्की तारीख आठवत नसेल तर ‘अंदाजे’ अशी खूण करायची सोय असते. ती वापरा, ठोकून देऊ नका.

आपली खरी परीक्षा सेक्शन १८, १९ आणि २० मध्ये. १८ मध्ये नातेवाईक : आईवडील, भावंडं, सासूसासरे. १९ मध्ये परदेशी माणसं, म्हणजे गेल्या ७ वर्षांत ज्यांच्याशी जवळचा किंवा नियमित संबंध आहे अशी. २० मध्ये परदेशातली मालमत्ता आणि प्रवास. मी एकुलती एक. त्यामुळे १८ मध्ये भावंडं नाहीत. चुलतभाऊ १९ मध्ये गेला, ‘फर्स्ट कझिन’ म्हणून. मामेबहिणी, मावशी, पुण्यातल्या दोन मैत्रिणी धरून १९ मध्ये ३१ नावं झाली. व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपमधली सगळी माणसं धरली असती तर शंभर झाली असती. मी ज्यांच्याशी स्वतंत्र बोलते तेवढीच धरली.

२० मध्ये जमीन. सांगली जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित २७ गुंठे जिरायत आहे. वडील गेल्यावर वारसनोंद झाली, तेव्हापासून सातबाऱ्यावर आईचं, माझं आणि चुलतभावाचं नाव लागलंय. त्या जमिनीची डॉलरमध्ये किंमत काय, असा प्रश्न फॉर्म विचारतो. गेल्या दोन वर्षांत तिथे हरभराही धड आलेला नाही. अंदाजे आकडा लिहिला आणि ‘अंदाजे’वर खूण केली.

तीन शनिवार-रविवार गेले. १२ फेब्रुवारीला, सोमवारी, फॉर्म पाठवला. पाठवण्याआधी त्याची पीडीएफ उतरवून घेतली. हे एक काम विसरू नका, पुढे प्रत्येक वेळी तीच समोर धरून बसावं लागतं. २० फेब्रुवारीला बोटांचे ठसे झाले. पैसे कुठेच पडले नाहीत, अर्जदाराला या चौकशीचं शुल्क नसतं. ठसे देताना मनात एक विचार येऊन गेला तो सांगते. २०१५ मध्ये ओपीएमकडची (अमेरिकन सरकारचं कर्मचारी-व्यवस्थापन कार्यालय) अशीच माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं होतं, २ कोटी १५ लाख माणसांची, आणि त्यात ५६ लाख जणांच्या बोटांचे ठसे होते. आता ही चौकशी ओपीएमकडे नाही, २०१९ पासून संरक्षण खात्याची डीसीएसए ही संस्था करते. तरी मनात आलंच.

मग शांतता. मार्च गेला, एप्रिल गेला. या काळात करण्यासारखं एकच काम होतं आणि ते मी अर्धंच केलं : ज्यांची नावं दिली त्यांना कळवलं. ‘तुझं नाव दिलंय’ एवढंच सांगितलं. फोन अनोळखी नंबरवरून येईल, तो उचल, हे सांगायला विसरले. अमेरिकेत अनोळखी नंबर उचलतो कोण? माझ्या जुन्या मॅनेजरनी दोनदा फोन कापला आणि तिसऱ्यांदा त्या माणसाला घोटाळेबाज समजून चार शब्दही सुनावले. हे मला त्यांनीच नंतर कौतुकाने सांगितलं. खरं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. बरेचसे तपासनीस कंत्राटदार कंपन्यांचे असतात, स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतात. माणूस खरा आहे का याची खात्री डीसीएसएने दिलेल्या नंबरवर करून घेता येते. तो नंबर आपल्या लोकांना आधीच देऊन ठेवला तर त्यांचा जीवही भांड्यात पडतो आणि तपासनिसाचे आठ दिवस वाचतात.

पण कळवणं वेगळं आणि पढवणं वेगळं. काय बोलायचं हे सांगू नका. एकाने मला सल्ला दिला होता की सगळ्यांना मुद्दे लिहून पाठव. नशीब, आळस केला.

९ मे, गुरुवार. माझी स्वतःची मुलाखत, समोरासमोर, ऑफिसच्या एका छोट्या खोलीत. तपासनीस साठीच्या आसपासचे गृहस्थ. आधी ओळखपत्र आणि बिल्ला टेबलावर ठेवला, मला नीट वाचू दिला. माझं लायसन्स आणि पासपोर्ट बघितला. १९७४ च्या प्रायव्हसी ॲक्टबद्दलचं (सरकारकडच्या वैयक्तिक माहितीबद्दलचा कायदा) निवेदन सांगितलं, खोटं बोलणं हा गुन्हा आहे हेही सांगितलं, आणि पिवळं पॅड काढलं. रेकॉर्डिंग नाही. सगळं हाताने.

पहिली दहा मिनिटं माझा घसा कोरडा पडला होता. मग लक्षात आलं की ते काही विचारतात, मी उत्तर देते, ते खाली मान घालून अर्धा मिनिट लिहितात, आणि तेवढ्यात मला श्वास घेता येतो. शांतता झाली की ते लिहिताहेत हे मला दिसत होतं. ही गोष्ट तेव्हा अगदीच किरकोळ वाटली होती.

फॉर्म पहिल्या पानापासून पुन्हा. टेक्सासमधलं घर का सोडलं? नोकरी बदलताना मधे ६ आठवडे काय केलं? मग १९ मधली ३१ माणसं, एकेक. किती वेळा बोलता? काय काम करतात? सरकारशी संबंध? चुलतभावाच्या नावापुढे मी ‘शिक्षक, जिल्हा परिषद शाळा’ लिहिलं होतं. जिल्हा परिषद म्हणजे सरकार का? हो, स्थानिक सरकार. म्हणजे परदेशी सरकारचा नोकर. दादा चौथीच्या वर्गाला पाढे शिकवतो. पण त्या चौकटीतून बघितलं तर हे बरोबरच आहे, आणि मी ते लिहिलं होतं म्हणूनच ते दोन वाक्यांत संपलं. लपवलं असतं तर दोन तास लागले असते.

सव्वातीन तासांनी बाहेर पडले. शेवटी विचारलंच, ‘ठीक आहे ना?’ ते म्हणाले, ते माझं काम नाही. तपासनीस माहिती गोळा करून अहवाल लिहितो. निर्णय घेणारे वेगळे, ते कुणालाच भेटत नाहीत, फक्त कागद वाचतात. त्यांच्यापुढे १३ निकष असतात, ए ते एम, त्यातला दुसराच परदेशी प्रभावाचा. म्हणजे तुम्ही कसे दिसता, कसे बोलता हे निर्णय घेणाऱ्याला कळत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतं ते तपासनिसाने कागदावर उतरवलेलं. म्हणूनच तपासनिसाला तुमचं म्हणणं नीट कळलं की नाही यावर सगळं येऊन ठेपतं.

पुढचे दोन आठवडे माझ्या ओळखीच्या लोकांच्या मुलाखती चालल्या. काही घरी, काही फोनवर. २०२० मध्ये कोविडमुळे फोन आणि व्हिडिओची मुभा मोठ्या प्रमाणावर दिली गेली होती. माझ्या बाबतीत जवळ राहणाऱ्यांकडे माणूस गेला आणि लांबच्यांना फोन झाला.

समोरासमोर म्हणजे चांगलं आणि फोन म्हणजे वाईट असं मला म्हणायचं नाही. उलट घरी येण्याचे तोटे मी इथे बघितले. आमच्या रांगेत कोपऱ्यावर राहणाऱ्या आजींनी दाराला साखळी लावूनच बिल्ला बघितला आणि दार लावून घेतलं. नंतर त्याच आजी फोनवर पाऊण तास बोलल्या. आमच्याकडे त्या वेळी सासूबाई आलेल्या होत्या. भर दुपारी त्या एकट्याच असताना बेल वाजली, दारात बिल्लेवाला माणूस. त्यांनी हातानेच ‘नको’ म्हटलं आणि संध्याकाळी मला सांगितलं, ‘कुणीतरी विकायला आलं होतं, मी परत पाठवलं.’ दोन घरं सोडून राहणाऱ्या शेजाऱ्याने तर नवऱ्याला हळूच बाजूला घेऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना? शेजाऱ्यांकडे चौकशी होणार आहे हे त्यांच्याही कानावर घालून ठेवा, नाहीतर गल्लीत भलतीच कथा तयार होते.

टेक्सासच्या जुन्या घरमालकाची फोनवर बारा मिनिटांत सुटका झाली. भाडं वेळेवर होतं का, किती वर्षं होती, घर कसं सोडलं. यासाठी कुणी चारशे मैल गाडी चालवत जावं असं काहीच नाही. तारखा आणि पत्ते पडताळायला फोन उत्तम.

माझं जे अडलं ते न्यू जर्सीतल्या मैत्रिणीच्या फोनवरच्या मुलाखतीत. १६ वर्षांची मैत्री, गावीही येऊन गेलेली. तिला वाटलं आपण किती छान बोललो.

२८ मे, मंगळवार. मेमोरियल डेची मोठी सुट्टी आदल्या दिवशीच संपलेली. मी दुकानाबाहेर डिकीत पिशव्या भरत होते. एका हातात दूध, दुसऱ्या हातात फोन. दुसऱ्याच एक तपासनीस बाई. नाव सांगितलं, बिल्ल्याचा क्रमांक सांगितला, म्हणाल्या एक-दोन गोष्टी स्पष्ट करायच्या आहेत, आता बोलता येईल का? मी म्हटलं हो. तिथेच चुकलं. ‘अर्ध्या तासाने करते, फॉर्म समोर घेऊन बसते’ असं म्हणता येतं. तेव्हा ते सुचलं नाही.

‘तुम्हाला भाऊ आहे का?’

‘नाही.’

‘पूर्वी कधी होता? सावत्र, दत्तक?’

‘नाही.’

मग शांतता. समोर माणूस नाही, पॅड नाही, खाली गेलेली मान नाही. फोनवर चार सेकंद म्हणजे फार वेळ. आणि मी ती जागा भरायला लागले. म्हटलं, म्हणजे तसा भाऊ आहे, पण तो भाऊ नाही. आमच्याकडे भाऊच म्हणतात. म्हणजे मी दादा म्हणते.

‘दादा हे त्यांचं नाव?’

‘नाही, नाव वेगळं आहे.’

‘पण तुम्ही त्यांना या नावाने ओळखता.’

‘सगळेच ओळखतात.’

आज हे लिहिताना हसू येतंय. त्या वेळी दुधाचा कॅन तसाच हातात होता आणि कपाळावर घाम. माझ्या उत्तरात एकही गोष्ट खोटी नव्हती, पण एकापुढे एक ठेवली तर मी काहीतरी झाकतेय असंच कुणालाही वाटलं असतं. फॉर्ममध्ये भाऊ नाही. मैत्रीण सांगते सांगलीला भाऊ आहे, त्याचं नाव दादा, तो हिची शेती बघतो. फॉर्ममध्ये दादा नावाचं कुणीच नाही. आणि ही बाई म्हणते भाऊ आहे पण नाही.

पुढचा प्रश्न आला, जमीन मग कुणाबरोबर आहे? तेव्हा मी थांबले. म्हटलं, हे मी समोर बसून, कागद दाखवून सांगितलं तर चालेल का? मला वाटलं होतं त्यांना संशय येईल. त्या अगदी सहज म्हणाल्या, चालेल की. ६ जूनला लायब्ररीतल्या छोट्या खोलीत भेटायचं ठरलं.

रात्री मैत्रिणीचा फोन. तिला मी काही विचारलं नव्हतं, तीच म्हणाली की त्यांनी भावंडांबद्दल विचारलं, मी दादाचं सांगितलं. तिने आधी ‘कझिन ब्रदर’ म्हटलं, त्यांना कळलं नाही, म्हणून नुसतं ‘ब्रदर’ म्हटलं. अमेरिकन इंग्रजीत ‘कझिन ब्रदर’ असं काही नसतं हे आम्हा दोघींना इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं असं नाही. पण दादाबद्दल बोलताना तोंडातून तेच येतं. तिने परत फोन करून दुरुस्ती करू का असं विचारलं. नको म्हटलं. ती तिला ठाऊक होतं तेच बोलली होती.

मधल्या ८ दिवसांत एकच काम केलं. महाभूमी या महाराष्ट्र सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढला, त्याचे १५ रुपये पडतात. वारसनोंदीचा फेरफारही मिळवला. सातबारा मराठीत, म्हणून नावांची ओळ इंग्रजीत लिहून वर चिकटवली. ३१ नावांची यादी फॉर्मच्या क्रमाने छापली. बस्स.

६ जून, गुरुवार. बाई माझ्यापेक्षा लहान, पस्तिशीच्या असतील. बिल्ला, ओळखपत्र, तेच निवेदन. मी विचारलं, कागद-पेन वापरू का? आणि वंशावळ काढली. वर आजोबा, खाली दोन रेघा : माझे वडील, काका. वडिलांच्या खाली मी, काकांच्या खाली दादा. आडवी रेघ ओढून म्हटलं, या रेघेवरच्या सगळ्यांना आम्ही भाऊ-बहीण म्हणतो. चुलत हा शब्द फक्त बाहेरच्यांना समजावताना लागतो. दादा म्हणजे मोठा भाऊ, ते नाव नाही. शेजारच्या माणसालाही दादा म्हणतात.

‘बसच्या कंडक्टरला?’ त्यांनी विचारलं. त्यांना हे कुठून सुचलं कोण जाणे. मी म्हटलं हो, त्यालाही.

त्यांनी माझी वंशावळ स्वतःच्या पॅडवर उतरवून घेतली. माझा कागद घेतला नाही. सातबाऱ्यावरच्या दादाच्या नावावर बोट ठेवून सेक्शन १९ मधला क्रमांक विचारला, मी ७ सांगितला, त्यांनी दोन्ही नावं अक्षर-अक्षर जुळवून बघितली. मग शेतीतून उत्पन्न येतं का, तुम्ही पैसे पाठवता का, जमीन विकायचा विचार आहे का, आणि सगळ्यात शेवटी सरळ प्रश्न : या जमिनीसाठी किंवा भावासाठी कुणी तुमच्यावर दबाव आणला तर काय कराल? फोनवर याचं उत्तर मी घाईने दिलं असतं. इथे मी थांबले, त्याही थांबल्या, आणि मग सांगितलं. पंचवीस मिनिटांत झालं. पार्किंगमधला फोन अकरा मिनिटांचा होता, पण त्याने माझी ८ दिवसांची झोप खाल्ली.

निघताना त्यांना विचारलं, तुम्हाला कुठलं बरं पडतं? त्या म्हणाल्या, फोनवर दिवसात जास्त माणसं होतात. समोर बसलं की परत जावं लागत नाही.

त्यानंतर पाच महिने काहीच नाही. दर सोमवारी कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला विचारायचा मोह होतो, पण त्यांनाही ‘प्रक्रियेत आहे’ यापेक्षा जास्त दिसत नाही. महिन्यातून एकदा विचारलं. दरम्यान पगार जुन्याच नोकरीचा चालू ठेवला होता, आणि हा या सगळ्यातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय ठरला. क्लिअरन्सच्या भरवशावर हातची नोकरी सोडू नका.

१४ नोव्हेंबरला ईमेल आला. एक ओळ. फॉर्म पाठवल्यापासून नऊ महिने आणि दोन दिवस. नवऱ्याने विचारलं, एवढंच? एवढंच.

आपल्या चौकशीच्या अहवालाची प्रत प्रायव्हसी ॲक्टखाली मागता येते. अर्ज पेनसिल्व्हेनियातल्या बॉयर्स इथे, डीसीएसएच्या कार्यालयाकडे जातो. मी डिसेंबरमध्ये केला. ज्यांनी आपलं नाव गुप्त ठेवायची विनंती केली असेल त्यांचं बोलणं वगळून देतात. मैत्रिणीने तशी विनंती केलेली नाही. प्रत आली की पहिल्यांदा मला दाखव, असं तिने बजावून ठेवलंय. ‘कझिन ब्रदर’ त्यांनी कसं लिहिलंय ते तिला बघायचंय.